हौसाआत्तीचा हुडवा

लग्नाचे किस्से फार टिकत नाहीत. भात करपला, नवरदेवाचा बूट गेला, मामा रुसला, की संपलं. मरणाचे मात्र साठत जातात. कारण सोपं आहे. लग्न दुसरेच ठरवतात आणि दुसरेच पार पाडतात. मरण आमच्या गल्लीत माणूस स्वतः ठरवतो, अगदी बारीकसारीक. मग तो जातो, आणि मागं उरलेले त्यात आपली अक्कल चालवतात! किस्सा होणार नाही तर काय?

आमची गल्ली कसबा बावड्यातली. एका अंगाला कारखान्याचं धुराडं, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे आम्ही आणि आमच्या म्हशी. संध्याकाळी डेअरीत दूध घातलं की डेअरीसमोरच्या कट्ट्यावर चार वयस्कर माणसं बसतात. मी त्यांना 'मरण मंडळ' म्हणते. कारण विषय एकच, आपण गेल्यावर काय करायचं!

मंडळाचे अध्यक्ष नाना. कारखान्यातून रिटायर झालेले. गल्लीतली प्रत्येक तिरडी त्यांच्याच हातची, आणि प्रत्येक मयताला हुकूमही त्यांचाच. दुसरे कांबळे गुरुजी, रिटायर हेडमास्तर. तिसरे माझे वडील, दादा. कुणीही काहीही बोललं तरी मान हलवायची, एवढंच त्यांचं काम. आणि कट्ट्यावर बसणारी एकुलती एक बाई म्हणजे माझी आत्ती, हौसाबाई. दादांची थोरली बहीण.

मला या लोकांचा भयंकर राग येतो. गटारीवर फरशी टाकायची का नाही, यावर यांची वर्षानुवर्षं चर्चा चालते. अजून फरशी नाही! पण मेल्यावरचं प्लॅनिंग बघा. शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्या कंपनीत इतकं पक्कं प्लॅनिंग होत नसेल. मी एका फाउंड्रीच्या ऑफिसात नोकरी करते, म्हणून सांगते.

* * *

नानांनी स्वतःच्या तिरडीचे बांबू आधीच आणून ठेवले होते. माळ्यावर असायचे. दर दिवाळीला नाना ते खाली उतरवत, तेलाचं फडकं फिरवत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाकवून दाखवत. "बघ, मुरल्यालं हाय. मला घेऊन घाटापतुर जाईल, आन् मोकळंच माघारी बी यील!"

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. नाना तेव्हा अजून कारखान्यात होते. त्यांच्या घरी नवा टीव्ही आला, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. मेकॅनिक म्हणाला, अँटेना उंच पाहिजे. नानींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग माळ्याकडं बघितलं.

नाना ड्यूटीवरून आले तर तिरडीचा बांबू कौलावर उभा, आणि टोकाला अँटेना! सगळी गल्ली जमली. आता नानींचं काही खरं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. नाना मान वर करून बघत राहिले. तेवढ्यात आतून क्रिकेटच्या मॅचचा आवाज आला. नाना आत गेले. ओव्हर संपल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, "चित्र चांगलं दिसतंय. ऱ्हाऊ दे त्यो बांबू. मी गेलो की उतरवा. मॅच चालू आसंल तर संपूस्तवर थांबा."

दादांनी विचारलं, "आन् आपली टीम हरायला लागली आसंल तर?"

"मग काय थांबताय? लगीच उतरवा!"

* * *

कांबळे गुरुजी बौद्ध. त्यांचं सगळं ठरलेलं, आणि कट्ट्याला तोंडपाठ. त्रिशरण, पंचशील, पांढरी फुलं. पिंड नाही, कावळा नाही, तेरावं नाही. शेवटी एक शोकसभा. पण शोकसभेत लोक खोटं बोलतात, याची गुरुजींना चीड!

एका संध्याकाळी ते नानांना म्हणाले, "माझ्या शोकसभेत तुम्ही बोलणार हे नक्की आहे. तर आत्ताच बोलून दाखवा. चुका मला दुरुस्त करता येतील."

नाना उठले. टोपी सारखी केली. "कांबळे गुरुजी गेलं. गावचा आधारवड गेला..."

"खोडा. वड नको. शाळेच्या वडाखाली मुलं झोपायची."

"गुरुजींनी कवा कुणावर हात उगारला न्हाय..."

"साफ खोटं. तुमच्या थोरल्याच्या पाठीवर माझी छडी मोडली होती."

"मोडलती," नाना म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "गुरुजी, तुमी गेल्यावर ह्या कट्ट्यावर माझ्या शेजारी बसायचं कुणी ओ?" आणि अध्यक्ष मटकन खाली बसले, उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "विषय सोडून बोललात. नापास."

* * *

पण खरे किस्से आत्तीचे. बाकीचे तोंडी लावायला.

आत्तीला चंदगडकडं दिली होती. तिकडं पाऊस असा की चुलीतली राखसुद्धा ओली. लग्नानंतर काही वर्षांनी घरी कसली तरी पंगत होती. आमटी अळणी झाली म्हणून नवऱ्यानं भर पंगतीत, सगळ्या भावकीसमोर, तिच्या थोबाडीत मारली. मारायचा तो आधीपासूनच, पण लोकांसमोर पहिल्यांदा. आत्तीनं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले, पावसातून चालत जाऊन एसटी धरली आणि गालावर त्याची बोटं घेऊन बावड्यात उतरली. परत गेली नाही.

नवऱ्यानं दुसरी केली. पण सोडचिठ्ठी कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही. त्यामुळं गल्लीच्या हिशेबानं आत्ती सवाष्ण! हळदीकुंकवाला बायका तिला हमखास बोलवायच्या आणि नाव घ्यायचा आग्रह करायच्या. आत्ती उखाण्यात म्हशीचं नाव घ्यायची. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

आणि नानांचा नियम ठरलेला. "सवाष्ण बाई गेली की कुंकवाच्या धन्याला कळवायचं. हिरवं लुगडं त्येनं आणायचं, अग्नी त्येनं द्यायचा. त्यो आल्याबिगार उचलायचं न्हाय."

आत्ती म्हणायची, "त्येच्या हातची काडी मला लागायची न्हाय!"

हे भांडण माझ्या लहानपणापासून चालू होतं. आत्तीचं बाकी काही मागणं नव्हतं. घाटावर जाळायला शेणी, म्हणजे गोवऱ्या, मिळतात, लोक दान देतात. पण आत्तीला तेही नको. भावाच्या घरात राहिली तरी तिनं पोट भरलं ते स्वतःच्या म्हशींच्या दुधावर. "जाताना उसनं नगं. माझ्या शेणी मी थापणार, माझा हुडवा मी रचणार, आन् काडी लावणार ही संगी!"

ही संगी म्हणजे मी. तेव्हा बारावीत होते. हातात फिजिक्सचं पुस्तक होतं, आणि मला स्टोव्ह पेटवायचीसुद्धा भीती वाटायची.

आणि आत्तीनं खरंच रचला की हुडवा! वाळलेल्या शेणी गोल रचत न्यायच्या, वरून शेणामातीनं लिंपायचं, त्यावर उसाचं पाचट. कितीही पाऊस पडू दे, आतली शेण कोरडी ठाक. गोठ्याच्या मागं तो उभा असायचा. पाहुणे विचारायचे, हे काय? आत्ती म्हणायची, "ह्ये माझं मरान. बसा, च्या टाकतो." कोल्हापूरकडच्या बायका 'टाकते' म्हणत नाहीत, 'टाकतो'च म्हणतात. मी ऑफिसात 'टाकते' म्हणते आणि घरी आलं की 'टाकतो'!

* * *

थापलेल्या शेणीवर हाताची बोटं उमटतात. आत्तीच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी. म्हशीच्या दाव्यात अडकून मोडलेली. त्यामुळं तिची शेण हजारात ओळखू यायची. चार बोटं सरळ आणि एक बाहेरच्या बाजूला वळलेलं.

हे गल्लीतल्या तरुण मंडळाच्या पोरांना माहीत नव्हतं, असं नाही. पण होळीच्या आदल्या रात्री शेणी पळवताना कोण एवढा विचार करतो?

होळी रचली. एवढी उंच होळी गल्लीत कधी झाली नव्हती. नैवेद्य आले, नाना पूजेला बसले, काडी ओढणार तेवढ्यात आत्ती डोक्यावर रिकामी पाटी घेऊन हजर.

"थांबा." तिनं मधली एक शेण उपसली आणि सगळ्यांना दाखवली. वाकडी करंगळी! "ही माझी." दुसरी उपसली. "ही बी माझी."

बघता बघता होळी कमरेपर्यंत आली, मग गुडघ्यापर्यंत. तरुण मंडळाचा अध्यक्ष गयावया करायला लागला, "आत्ती, सणाचं हाय. देवाचं काम हाय!"

"आन् ह्ये माझ्या मढ्याचं हाय. देवाला लईच गडबड आसंल तर माझ्यासंगं जळाय ये म्हणावं!"

शेवटी मधे एरंडाची फांदी आणि भोवती चार लाकडं उरली. होळीला बोंब मारायची आपल्याकडं रीतच आहे. पण त्या वर्षी आमच्या मंडळाच्या पोरांनी मारली तशी मनापासून बोंब कधी कुणी मारली नसेल.

* * *

कॉलेजात सेकंड इयरला असताना आमच्याकडं देहदानावर एक व्याख्यान झालं. मी पेटून घरी आले. थेट कट्ट्यावर गेले आणि सगळ्यांना ऐकवलं. हे बांबू, ह्या शेणी, काय चाललंय तुमचं? देहदान करा! मुलं शिकतील, डॉक्टर होतील!

गुरुजी म्हणाले, "विचार करण्यासारखं आहे." दादांनी मान हलवली. नाना दचकून म्हणाले, "म्हंजे आख्खाच्या आख्खा माणूस द्यायचा?"

आत्तीनं शांतपणे विचारलं, "परवा म्हशीला सुई टोचाय आल्ता, त्यो शिकल्याला हुता का शिकणारा?"

"शिकलेला होता, आत्ती."

"म्हस लाथ कुठनं मारती ते त्येला ठावं नव्हतं. शिकल्याल्याची ही तऱ्हा, आन् शिकायची पोरं माझ्यावर सोडतीस व्हय?"

कट्टा हसला. माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "पण मेल्यावर तुला काय फरक पडतो?"

आत्तीनं दुधाची रिकामी किटली उचलली आणि घराकडं निघाली. जाता जाता म्हणाली, "जित्तेपणी कुणी इचारलं न्हाय बघ, हौसे, तुला काय फरक पडतोय म्हणून. म्हणून मेल्यावरचं तेवढं माझं मी ठरवाय लागलोय."

त्यानंतर तिच्यापुढं मी देहदानाचा विषय काढला नाही. स्टोव्ह पेटवायला मात्र त्याच आठवड्यात शिकले.

* * *

गुरुजींच्या पत्नी गेल्या त्या ऐन पावसाळ्यात. घाटावरच्या शेणींना ओल आलेली. कुणी काही म्हणायच्या आत आत्तीनं खुरप्यानं आपल्या हुडव्याचं लिंपण फोडलं आणि शेणी ट्रॉलीत भरायला लावल्या.

मी म्हणाले, "आत्ती, अगं तुझ्यासाठी ठेवलेल्या ना?"

"मी थांबतो की. मला कुठं एसटी गाठायची हाय?"

गुरुजींच्या लेकीसुना घाटावर गेल्या, म्हणून त्यांच्याबरोबर मीही गेले. तिथं नाना नेहमीप्रमाणं ओरडत होते. "बोटं वरच्या अंगाला येऊ देत! शेण उपडी ठेवायची नसती. घरात ताट उपडं मांडताय काय रं?" वंदना झाली. गुरुजींच्या मुलानं अग्नी दिला. सगळे हात जोडून उभे. आणि बघतो तर काय, नाना खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं घेऊन हजर! एका हातात मडक्याला भोक पाडायचा दगड! जन्मभराची सवय, मयत म्हटलं की मडकं. गुरुजींनी कितीदा कट्ट्यावर सांगितलेलं, आमच्यात हे नाही. पण हाताला कोण सांगणार?

नानांच्या लक्षात आलं आणि ते तसेच खांबासारखे उभे राहिले.

गुरुजी स्वतः पुढं गेले. त्यांनी मडकं अलगद नानांच्या खांद्यावरून उतरवलं आणि त्यांच्याच हातात दिलं. "नाना, घरी न्या. चांगलं भाजलेलं आहे. पाणी गार राहील."

आज आमच्या कट्ट्यावर जे मडकं आहे ते तेच. पाहुण्यांना आधी त्यातलं पाणी पाजतो. मडक्याची हकीकत मागाहून सांगतो!

* * *

त्यानंतर पायंडाच पडला. उन्हाळाभर आत्तीनं हुडवा रचायचा आणि पावसाळ्यात गल्लीतल्या कुणीतरी तो वापरायचा. लोक म्हणायला लागले, आत्तीचा हुडवा भरला की गल्लीत कुणीतरी जातंय. आत्ती चिडायची, "म्हंजे मी मरंना म्हणून लोक मराय लागल्यात व्हय?"

आणि एका पावसाळ्यात आत्तीच आजारी पडली. साधा ताप म्हणता म्हणता शुद्ध हरपली. दवाखान्यात ठेवली. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही. मी आणि दादा तिच्या उशाशी बसलेलो. नाना मात्र आपलं कर्तव्य करायला एसटीडी बूथवर! चंदगडकडं त्या गावातल्या दुकानात फोन लावला, "हौसाबाईचं काय खरं न्हाय, निरोप द्या." दुकानदारानं तो एका गिऱ्हाइकाला दिला, गिऱ्हाइकानं आणखी कुणाला. निरोप पोचेपर्यंत त्यात आत्ती गेलेली होती!

इकडं आत्तीचा ताप उतरला. घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं न ऐकता धार काढायला बसली. मी कंपनीच्या बसची वाट बघत दारात उभी होते. तेवढ्यात छत्री घेतलेला एक म्हातारा अंगणात आला. बारीक अंगाचा, चेहरा मयताला जातानाचा, बगलेत कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं.

"मयत हितंच न्हवं?" त्यानं मला विचारलं.

मी बोलायच्या आधीच गोठ्यातून आवाज आला, "कोण पावणं?"

"चंदगडासनं आलोय."

"कुणाच्या मातीला आलायसा?"

म्हाताऱ्यानं तो आवाज ओळखला. छत्रीचं पाणी त्याच्याच पायावर गळत होतं. "हौसे? आगं, तू..."

"पावणं, मयत न्हाय हितं." दुधाची धार किटलीत पडतच होती. आत्तीनं मानसुद्धा वळवली नाही. "हळू बोला. परका आवाज आला की म्हस पान्हा चोरती."

तो उभा राहिला, उभा राहिला, आणि वळला. मागून आत्ती म्हणाली, "लुगडं ठेवून जावा. आणलंयसा तर."

त्यानं ते दगडावर ठेवलं आणि गेला. मी संतापले! त्याचं लुगडं ठेवून घ्यायचं? कशासाठी?

पुढचा सगळा हिवाळा आमच्या थोरल्या म्हशीच्या पाठीवर हिरव्या लुगड्याची झूल होती. गल्लीतली सगळ्यात थाटातली सवाष्ण!

म्हातारा आला त्याच संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले. "नाना, पुन्हा त्या बूथची पायरी चढलात तर तुमचे बांबू मी बंबात घालीन!"

"रीत हाय पोरी ती," नाना म्हणाले. "आमी न्हाय केली."

"रीत तुमची, मढं तिचं! तिला अग्नी मी देणार. कुणाला काय म्हणायचंय ते आत्ता म्हणा. तेव्हा ऐकून घेणार नाही!"

नानांनी दादांकडं बघितलं. दादांची मान हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा! नानांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "मुलीचं उत्तर बरोबर आहे. बसा खाली."

* * *

आणि मग ते मोठ्या पुराचं वर्ष आलं.

नदी घाट गिळून वर आली. स्मशानभूमी पाण्याखाली. रस्ते बंद, एसटी बंद, एमआयडीसीत जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी घरीच होते. दुपारी नाना दारात आले. बरोबर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला एक तरुण.

तो तरुण आत्तीच्या नवऱ्याचा मुलगा. दुसरीचा. वडिलांना कोल्हापुरात दवाखान्यात आणलं होतं, सकाळी ते गेले. चंदगडचा रस्ता पाण्याखाली. नेणार कुठं? अख्ख्या कोल्हापुरात त्याला एकच नाव ऐकून माहीत होतं, फोनवरून निरोप धाडणाऱ्या नानांचं.

नाना जमिनीकडं बघत म्हणाले, "माळावर उंचवट्याला जागा हाय, हौसे. वर पत्रं बांधतो. पर सुकी शेण कुठंच न्हाय. गावात हुडवा ऱ्हायलाय एकच."

"मिळणार नाही!" मीच ओरडले. "तिच्या आहेत त्या. दुसरीकडं बघा!"

तो मुलगा म्हणाला, "थोरल्या आई, मला मागायचं तोंड न्हाय. म्हाईत हाय मला."

आत्ती त्याच्याकडं बघत होती. "तुझी आई कुठं हाय?"

"गावाकडं. येता येईना तिला."

"तिला मारायचा?"

मुलगा पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्याचा चिखल खरडत राहिला.

आत्ती उठली. कोनाड्यातलं खुरपं घेतलं, पावसात गोठ्याच्या मागं गेली आणि हुडव्याचं लिंपण फोडायला लागली.

"आत्ती!" मी तिचा हात धरला. "सगळं आयुष्य त्याच्या हातची काडी नको म्हणालीस, आणि आता त्यालाच तुझ्या शेणी?"

"व्हय. माझ्याच हाईत." तिनं हात सोडवला. "सगळ्या न्या रं. माझं मी उन्हाळ्यात बघतो. आन् रचाय मी येणार."

आता मात्र नाना आडवे आले. "हौसे, आगं आपल्यात बायका मसणात जात न्हाईत."

"मग शेणी बी जायच्या न्हाईत. त्या बी बाईच्याच हातच्या हाईत."

नानांनी पाटी उचलली.

माळावर पत्र्यांवर पाऊस वाजत होता. आत्तीनं पदर खोचला. कुणाला हात लावू दिला नाही. पायापासून सुरुवात केली. एक शेण, तिच्याशेजारी दुसरी. सवयीनं प्रत्येकीची बोटं वर. चार सरळ, एक वाकडं. चार सरळ, एक वाकडं. गुडघे झाकले, पोट झाकलं, छाती झाकली. शेवटी चेहरा तेवढा उरला. मुलगा बाजूला पेटती चूड धरून उभा होता. मी आत्तीच्या मागं उभी होते.

पावसापासून जपलेली एक शेण आत्तीनं पदराखालून काढली. खाली वाकली. चेहऱ्याकडं बघितलं. मग शेण उलटी केली, त्याच्या गालावर ठेवली आणि वरून तळहातानं दाबली.

नाना हळू आवाजात म्हणाले, "हौसे, बोटं वरच्या अंगाला पायजेत."

"न्हाय," आत्ती म्हणाली. "ही अशीच."